अंगणातील अनोळखी पाहुणा ओळखावा कसा?

नागपूर : धरमपेठेत जुन्या बंगल्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत असल्या, तरी काही घरांची अंगणे आणि पाखरांसाठी ठेवलेली पाण्याची पसरट भांडी अद्याप टिकून आहेत. दाणापाण्यासाठी येणारी मंडळी ठरलेली : चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, होले, पारवे. मात्र फुटाळा, अंबाझरी आणि सेमिनरी हिल्सची झाडी जवळच असल्याने एखादे दिवशी अनोळखी पाहुणाही दिसतो आणि ‘दुर्मिळ पक्षी आला’ अशी वार्ता पसरते. तो खरोखरच दुर्मिळ आहे काय, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

भारतीय पक्षिशास्त्रातील एक थोर कारकीर्द अशाच शंकेतून सुरू झाली. १९०८ च्या सुमारास सलीम अली या शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. ती पीतकंठी चिमणी निघाली. ही जात दुर्मिळ नव्हे. विरळ, कोरड्या रानात ती आढळते आणि मोहाच्या फुलांतील रस तिला प्रिय आहे. तरीही घरचिमण्यांच्या थव्यात ती सहज नजरेतून निसटते. घरचिमणीच्या नराचा गळा काळा, तर या चिमणीच्या नराचा पिवळा. खांद्यावर तांबूस डाग आणि पंखावर पांढरे पट्टे. मादीच्या गळ्याचा पिवळेपणा अगदीच फिका. अशा वेळी पाठ पाहावी. घरचिमणीच्या पाठीवर गडद रेघा असतात, हिची पाठ साधी असते.

‘दुर्मिळ’ ठरविलेले अनेक पक्षी प्रत्यक्षात नित्याचेच असतात. रंगद्रव्याच्या अभावामुळे पांढरी झालेली साळुंकी ही काही नवी जात नव्हे. भोरडीची पिल्ले फिकट मातकट असतात, त्यांत प्रौढांचा गुलाबी रंग शोधून सापडत नाही. शिवाय पिंजऱ्यातून सुटलेले बजरीगर किंवा लव्हबर्डही दाण्यावर येतात. म्हणूनच रंगावर भिस्त न ठेवता आकार (चिमणीएवढा की साळुंकीएवढा), चोचीची ठेवण, शेपटीची लांबी, आवाज, वेळ व स्थळ यांची नोंद तेथल्या तेथे करावी आणि पुस्तक नंतर उघडावे. आधी चित्र पाहिले की डोळ्यांना तेच दिसू लागते! छायाचित्र मिळाल्यास उत्तमच, अगदी धूसर असले तरी.

चुकीच्या नोंदीची किंमत किती मोठी असते, हे रानपिंगळ्याने दाखविले. १८८४ नंतर या घुबडाचा विश्वसनीय नमुना मिळाला नव्हता. रिचर्ड माइनरत्साघेन या ब्रिटिश संग्राहकाने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळविल्याचा दावा केला होता. अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी तपासणी केली, तेव्हा तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला, संग्रहातून चोरून पुन्हा शिवलेला असल्याचे उघड झाले. खोटे स्थळ बाजूला सारून शोध जुन्या, अस्सल ठिकाणांकडे वळला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. पुढे विदर्भात मेळघाटातही तो आढळला. शहरातील जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा त्याचा जवळचा नातलग. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपक्यांविना असते.

सध्या अशा नोंदी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर पाठविता येतात. त्या भागात व त्या ऋतूत अनपेक्षित असलेली जात नोंदविल्यास तपशील मागितला जातो आणि स्वयंसेवक परीक्षक ती तपासतात. पुरावा अपुरा असल्यास नोंद जाहीर आकडेवारीत धरली जात नाही. निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत ती राहते. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या आणि भारतात २०१३ पासून होत असलेल्या परसबागेतील पक्षिगणनेतही याच संकेतस्थळाचा वापर होतो. त्यासाठी किमान पंधरा मिनिटे दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा असतो. पारवेसुद्धा.