कोकराचे पोट : वैरण आणि खुराक

कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने व्याख्यानमालेत कोकरांच्या पोटावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण आमच्या युनियनमधील पुष्कळ कामगार माणदेशातले. त्यांच्या घरी मेंढरे आहेत. पगार पुरला नाही की कोकरू विकूनच घर चालते. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी आम्ही मुक्कामाला होतो. बाजाराला चार दिवस उरले होते. वजन भरावे म्हणून कोकरांना मक्याचा भरडा पोटभर घाला, असा सल्ला आम्हीच दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातांपैकी तीन कोकरे वाड्यात मरून पडली होती. घरधनीण एक शब्द बोलली नाही. ही चूक कशी झाली, हे आम्ही पुढे पुस्तकांतून आणि पशुवैद्यांना विचारून समजून घेतले. तेच आज सांगतो.

मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. नवजात कोकराचा चौथा कप्पा, म्हणजे खरे पोट, तेवढे मोठे असते. पहिले कोठीपोट अगदी लहान असते. कोकरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरते. दोन-तीन आठवड्यांनी ते आईबरोबर काडी तोंडात धरते. तेथून कोठीपोटाची घडण सुरू होते.

कोठीपोटात चारा पचवतात ते सूक्ष्म जंतू. ते चारा आंबवतात आणि त्यातून निघणारी आम्ले पोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. मोठ्या मेंढीची बरीचशी शक्ती या आम्लांतूनच येते. ती शोषण्यासाठी भिंतीला बारीक बोटांसारखे अंकुर लागतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात वासरांच्या कोठीपोटात स्पंजाचे तुकडे ठेवून पाहिले. भरावामुळे पोट मोठे झाले, पण अंकुर वाढले नाहीत. ते वाढले आम्लांमुळे. कोकराच्या पोटाचीही हीच रीत आहे. म्हणजे धान्य-पेंडीचा खुराक अंकुर वाढवतो, तर वैरण पोटाचा आकार आणि स्नायू घडवते, रवंथ करावयास लावते. रवंथाबरोबर लाळ सुटते आणि लाळेतील खार आम्लाला आवर घालतो.

आता नुसता कडबा घातला तर काय होते? पोट भरते, पण त्यात प्रथिने थोडी. जंतूच उपाशी राहतात. कोकराचे पोट सुटते आणि पाठीचे हाड हाताला लागते. उलट एकदम पुष्कळ धान्य घातले, तर पिष्ट झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल साचते, अंगातले पाणी पोटात ओढले जाते आणि जनावर आडवे पडते. आंत्रविषार हा दुसरा घातक रोगही अशाच अति खुराकाने उफाळतो. त्याची लस मिळते, ती टोचून घ्यावी. आमची कोकरे बहुधा आंबण्यानेच गेली. नव्या खुराकाशी जुळवून घ्यावयास जंतूंना सुमारे दोन आठवडे लागतात. आम्ही त्यांना चारच दिवस दिले होते.

म्हणून रीत अशी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कुंपणाला फक्त कोकरू जाईल एवढी फट ठेवून आत चिमूटभर भरडा, पेंड आणि कोवळा पाला ठेवावा. दूध तुटल्यावर खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. आधी वैरण, मग खुराक. तोही दोन वेळांत वाटून. स्वच्छ पाणी हवेच. सामान्य माणसाने निम्म्याहून अधिक खुराकाच्या मागे लागू नये. पेंडीचा भाव आणि वाढलेले वजन यांचा हिशेब घालावा.

पुढच्या वर्षी आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. घरधनीण चहाच्या कपाने भरडा मोजत होती. आम्हांला पाहून म्हणाली, "दादा, काल एक कप, आज सव्वा. घाई तुमच्या मोर्चात करा, माझ्या वाड्यात नको." मोर्चातही ती फारशी उपयोगी पडत नाही, हे आम्ही तिला सांगितले नाही.