लाइट इन्फन्ट्रीची चाल

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये कसम परेड असते, त्या दिवशी गावाकडून आलेले आईवडील मैदानाच्या कडेला बसून आपला मुलगा शोधत असतात. तो लवकर सापडत नाही. सगळ्यांचे हात एकाच उंचीवर येतात, टाचा एकदम पडतात, माना एकाच झटक्यात वळतात. मुलाची चाल जन्मापासून ओळखणाऱ्या आईलाही इथे ती ओळखता येत नाही.

हे केंद्र बेळगावात 1922 पासून आहे. रेजिमेंट त्याहून बरीच जुनी. तिची जंगी पलटण 1768 मध्ये उभी राहिली. ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मात्र लढून मिळवावा लागला. पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात, 1841 मध्ये, तो रेजिमेंटच्या ‘काली पाँचवी’ पलटणीला मिळाला. मुख्य फौजेच्या पुढे पसरायचं, शत्रूला छेडायचं आणि गरज पडताच झपाट्यानं जागा बदलायची, हे लाइट इन्फन्ट्रीचं काम. म्हणूनच तिची परंपरागत चाल मिनिटाला 140 पावलांची. एरवी पायदळाची 120. तशी लढाई आता कोणी लढत नाही. तरी ती घाई अजून पायांत जपलेली आहे, आणि मला या सगळ्या सोहळ्यात तीच सर्वांत मोलाची वाटते.

कवायत पायांची दिसते, पण उस्ताद आधी कान घडवतो. ‘तेज’ लांबवला जातो, मग क्षणभर काहीच नाही, आणि ‘चल’ कडाडतो. त्या मधल्या क्षणात ज्याचा गुडघा हलला, तो अख्ख्या रांगेत उघडा पडतो. ‘दाहिने सज’ झालं की रांग सरळ होईपर्यंत इंचाइंचानं पावलं सरकतात. महिनोन् महिने हेच.

मग राष्ट्रध्वज आणि धर्मग्रंथ यांच्या साक्षीनं शपथ होते, आणि रिक्रूट सैनिक होतो.

या कानांना पुढे काय ऐकावं लागतं, ते इटलीत सेनिओ नदीवर दिसलं. 9 एप्रिल 1945 रोजी याच रेजिमेंटच्या नामदेव जाधव या शिपायानं दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून सुरक्षित जागी नेलं आणि परत फिरून शत्रूच्या मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. हाताला गोळी लागली होती. मग बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली, आणि मागच्या कंपन्या नदी ओलांडून आल्या. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.