राणी पडली, आता गुलाम कुठे?

मंडळी, कोल्हापुरात पत्ते शिकवावे लागत नाहीत. मेंढीकोट खेळतच आपण मोठे झालो. हुकूम, उतारी, भिडू हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत. ब्रिज त्याच घराण्यातला. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो पहिल्यांदा आला आणि प्रणब बर्धन, शिबनाथ सरकार या जोडीनं सुवर्णपदक आणलं, तेव्हा कुठे आपल्याकडे पेपरात त्याचं नाव झळकलं. मेंढीकोटापेक्षा मोठा फरक असा की, डाव खेळणाऱ्याच्या भिडूची पानं टेबलावर उघडी मांडतात. त्याला डमी म्हणायचं. म्हणजे खेळणाऱ्याला 26 पानं दिसतात, उरलेल्या 26 चा अंदाज बांधायचा. आज त्यातला एकच प्रसंग घेऊ, पण नीट घेऊ.

इस्पिक रंग घ्या. तुमच्या हातात एक्का, राजा, दश्शी, नव्वी, अठ्ठी. समोर डमीत सत्ती, पंजी, चव्वी, दुर्री. बाहेर चारच पानं राहिली: राणी, गुलाम, छक्की, तिर्री. या रंगात एकही हात द्यायचा नाहीये. तुम्ही एक्का टाकलात. डावीकडच्यानं राणी टाकली, उजवीकडच्यानं तिर्री. मग डमीत जाऊन तिथून इस्पिकची उतारी केलीत, उजवीकडचा छक्की टाकतो. आता बाहेर फक्त गुलाम. तो डावीकडे असेल तर राजा टाका, गुलाम खाली येईल. उजवीकडे असेल तर दश्शीच पुरते, कारण उजवीकडचा आधीच छक्की टाकून बसलाय. याला फिनेस म्हणतात.

राजा की दश्शी?

दहा हजार वेळा पानं वाटली, तर सरासरी 622 वेळा डावीकडे एकटी राणी असते, 622 वेळा एकटा गुलाम, आणि 678 वेळा राणी-गुलाम ही जोडी. राणी तर दिसली. मग 622 विरुद्ध 678, म्हणजे जोडीच असणार, टाका राजा! हिशेब सरळ वाटतो ना? इथेच चांगले चांगले फसतात. ज्याच्याकडे एकटी राणी होती त्याला दुसरं काही टाकताच येत नव्हतं. जोडीवाल्याला मात्र निवड होती. तो निम्म्या वेळा गुलाम टाकेल असं धरा. मग राणी दिसण्याचे त्याचे प्रसंग 678 नाहीत, 339 च. आता तुलना करा: 622 विरुद्ध 339. दश्शी टाकणारा जवळजवळ 65 टक्के वेळा बरोबर ठरतो. टेरेन्स रीस यांनी 1958 च्या ‘द एक्स्पर्ट गेम’ या पुस्तकात हा विचार मांडला आणि ‘रिस्ट्रिक्टेड चॉइस’ हे नाव सगळीकडे गेलं. तीन दारं आणि एक मोटार हे कोडं ज्यांनी ऐकलंय, त्यांना नातं लगेच दिसेल.

आता बाजू बदला. तुम्ही डावीकडे बसलाय, जोडी तुमच्याकडे आहे. बऱ्याच जणांना सवय असते, मोठं पान आधी टाकायचं. समजा तुम्ही नेहमी राणीच टाकता आणि समोरच्यानं हे हेरलं. मग गुलाम दिसला की तो एकटाच आहे, फिनेस नक्की. राणी दिसली तर 678 मोठा, टाक राजा. या 1922 प्रसंगांत एरवी त्याला 1244 वेळा यश होतं, आता 1300 वेळा. ते 56 डाव तुमच्या सवयीनं त्याला आंदण दिले. खासबागेत जो पैलवान दर कुस्तीला एकाच बाजूनं हूल देतो, त्याची हूल कोण मानणार? तेव्हा कधी राणी, कधी गुलाम, आणि त्यात क्रम दिसता कामा नये.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण सर, ही फसवणूक नाही का?)

पानानं फसवायला ब्रिजचे नियम परवानगी देतात. चेहऱ्यानं, आवाजानं, मुद्दाम थांबून फसवायला देत नाहीत. मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं आपण हसून सोडतो. इथे ती सरळ चोरी धरतात. आणि यातली खरी अडचण अगदी साधी आहे. एक्का पडल्यावर तुम्ही तीन सेकंद विचार केलात, तर निवड होती हे तुम्हीच सांगून टाकलंत. एकटं पान असणारा कशाला थांबेल? म्हणून डमी उघडली की तेव्हाच आपलं पान ठरवून ठेवायचं, आणि एक्का आला की नेहमीच्या चालीनं टाकायचं. उलटं करू नका, म्हणजे एकटी राणी हातात असताना विचारात पडल्याचं नाटक. ते नियमात बसत नाही, आणि पंचांना बोलावलं तर डावाचा निकाल बदलूही शकतो.