सोन्याला हॉलमार्क, कन्सोलला बॅन

रायपूरच्या सदर बाजारात अंगठी घेतली की तिच्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गेम कन्सोललाही अशीच स्वतःची ओळख असते, कारखान्यातच आत भरलेली. पण अंगठीचा कोड बीआयएस केअर ॲपवर लगेच तपासता येतो, तशी सोय सेकंडहँड कन्सोल घेणाऱ्याला नाही. आणि मॉड केलेल्या, म्हणजे कंपनीचं डिजिटल कुलूप तोडून बदललेल्या मशीनवर कंपनी बॅन घालते, तो याच ओळखीवर!

नोव्हेंबर २००९ आठवा. 'मॉडर्न वॉरफेअर २' बाजारात येण्याच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मॉड केलेले एक्सबॉक्स ३६० धडाधड ऑनलाइनबाहेर काढले. नेमका आकडा कंपनीने सांगितला नाही. बातम्या दहा लाखांपर्यंत गेल्या. खेळाडूचं खातं शाबूत, मशीन मात्र ऑनलाइनसाठी कायमचं बाद. मग ही मशीन कुठे गेली? सेकंडहँड बाजारात, काही न सांगता.

कुलपं कशी उघडली, त्या कथा तर भन्नाट आहेत. २००८ मध्ये निन्टेन्डो वी उघडला तो एका घोडीच्या नावाने. झेल्डाच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधल्या एपोना घोडीचं नाव सेव्ह फाइलमध्ये भलतंच लांब लिहिलं; ते वाचताना गेमची मेमरी ओसंडली आणि बाहेरचा कोड चालू झाला!

सोनीच्या प्लेस्टेशन ३ चं कुलूप त्याहून भक्कम, आणि चूक त्याहून साधी. सोनीच्या डिजिटल सहीत दर वेळी नवा यादृच्छिक आकडा हवा होता. सोनी दर वेळी एकच आकडा वापरत होती. मग दोन सह्या शेजारी ठेवल्या की थोड्याशा बीजगणितातून गुप्त किल्ली हातात. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो गटाने हे मांडलं, तेव्हा कन्सोल चार वर्षांचा झाला होता. त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीने अपडेट देऊन त्यावर लिनक्स चालवण्याची सोय काढून टाकली होती. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन बंद, घेतलं तर लिनक्स गेलं. पैसे मोजून घेतलेल्या सोयीवर असा पेच टाकणं मला आजही अन्याय वाटतो.

निन्टेन्डोच्या स्विचची गोष्ट २०१८ ची. उजवा जॉयकॉन कंट्रोलर काढून त्या खाचेतल्या पिना तारेने जोडायच्या आणि यूएसबीवरून बाहेरचा कोड आत पाठवायचा, झालं. दोष चिपमध्येच कोरलेला, त्यामुळे विकल्या गेलेल्या मशीनमध्ये अपडेटने दुरुस्त होणं अशक्य.

पुढे निन्टेन्डो कडक झाली. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये मिग हे कॉपीचं कार्ट्रिज घातलेल्यांचं ऑनलाइन बंद झालं. वाईट म्हणजे जुनी, पण अस्सल कार्ट्रिजं विकत घेतलेल्या एकालाही त्याचा फटका बसला; आधीच्या मालकाने बहुधा त्यांची कॉपी काढून ठेवली होती. खरेदीचे पुरावे दिल्यावर कंपनीने त्याचा बॅन उठवला. म्हणून पावती जपाच.

आपल्याकडचा कायदाही माहीत असावा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

सेकंडहँड स्विच घेताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो दुकानातच ऑनलाइन करून बघा, ई-शॉप उघडा. २१२४-४००७ किंवा स्विच २ वर २१२४-४५०८ असा एरर आला, तर व्यवहार तिथेच थांबवा.