रिमोटवरचा रणगाडा : आधी पट्टे, मग तोफ

प्रतिनिधी

रिमोटवर पळणाऱ्या मोटारींचे अप्रूप शहरी घरांत केव्हाच ओसरले. त्यांच्या तुलनेत रणगाड्याची प्रतिकृती संथ, अवजड आणि महागही. तरीही या छंदात शिरलेली माणसे सहसा बाहेर पडत नाहीत, कारण यात वेगापेक्षा यंत्र समजून घेण्याची गंमत मोठी आहे. मात्र अनेक नवशिक्यांचा उत्साह पहिल्या काही महिन्यांतच मावळतो. खरेदी करताना तोफेकडे पाहिले जाते, गिअरबॉक्सकडे नाही, हे त्यामागचे एक साधे कारण.

जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७४ साली १/१६ प्रमाणातील रिमोटवर चालणारा शर्मन रणगाडा बाजारात आणला. तामियाची रिमोटवरची पहिली मोटार त्यानंतरची, १९७६ सालची. १/१६ हेच प्रमाण आजही सर्वाधिक रूढ आहे. जर्मनीचा टायगर तोफेसह सुमारे साडेआठ मीटर लांब होता. या प्रमाणात तो ५३ सेंटिमीटर भरतो. दिवाणखान्यात मावेल आणि अंगणातील खाचखळगेही ओलांडेल, असा हा आकार.

तामियाचा रणगाडा सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडावा लागतो. चिनी हेंग लाँग कंपनीचा तयार रणगाडा त्या मानाने बराच स्वस्त पडतो आणि खोक्यातून काढून चार्जिंग झाले की धावू लागतो. सुरुवात त्यानेच करावी, हे उत्तम. भारतीय लष्करात असलेल्या टी-७२ आणि टी-९० यांच्या प्रतिकृतीही या कंपनीने काढल्या आहेत. नियंत्रण २.४ गिगाहर्ट्‌झचे आहे ना, एवढे पाहावे. जुन्या पद्धतीत दोघांची फ्रिक्वेन्सी एक आली की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा रणगाडा हलत असे.

आता मुख्य मुद्दा. रणगाड्याला मोटारीसारखी वळणारी चाके नसतात. दोन पट्ट्यांना दोन स्वतंत्र मोटर असतात. एक पट्टा मंदावला, थांबला किंवा उलटा फिरला की गाडी त्या बाजूला वळते. वळताना दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात आणि गिअरवर सर्वाधिक ताण येतो तो याच क्षणी. जाड गालिच्यावर हा ताण आणखी वाढतो. शिवाय केस आणि धागे दातेरी चाकाच्या आसाभोवती गुंडाळले जातात. बारीक वाळू तर गिअरची वैरीणच. फरशी, सिमेंटचा चौथरा किंवा आखूड गवत ही सरावाची योग्य जागा.

हौस वाढली की पहिली खरेदी होते ती धातूच्या पट्ट्यांची. वजनामुळे चालीला खरा डौल येतो, आवाजही भारदस्त होतो. पण प्लास्टिकचे दातेरी चाक आणि प्लास्टिकचा गिअरबॉक्स तसाच ठेवून वर धातूचे पट्टे चढवले, की दाते झिजतात आणि अखेर तुटतात. क्रम उलटा हवा. आधी पोलादी गिअर, मग धातूचे चाक, शेवटी पट्टे. पट्टा ताणून बसवू नये. वरच्या बाजूला किंचित झोळ हवा, नाहीतर आस दबतो. फार सैल ठेवला तर मागे घेताना वळवले की निसटतो. गिअरना पातळ तेल न घालता ग्रीस लावावे.

तोफेचे दोन प्रकार आहेत. एक सहा मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या उडवतो. घरात लहान मुले असतील तर तो टाळावाच. इतरत्रही डोळ्यांवर चष्मा हवा. दुसरा इन्फ्रारेड किरणांचा. नेम लागला की समोरच्या रणगाड्यावरील संवेदक ते टिपतो, आघातांगणिक त्याची चाल मंदावते आणि ठरावीक आघातांनंतर तो काही काळ गप्प होतो. दोघा-चौघांनी मिळून खेळायचे तर हाच प्रकार घ्यावा. लिथियम बॅटरी मात्र रात्रभर चार्जिंगला लावून झोपी जाऊ नये.

रंगकामाकडे वळण्यापूर्वी अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियम अवश्य पाहावे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात विजयंता आहे, १९६५ च्या युद्धाची आठवण देणारा पॅटन आहे आणि दुसऱ्या महायुद्धातील मटिल्डा व चर्चिलही आहेत. पोलादाची जाडी, वेल्डिंगचे सांधे, पट्ट्याच्या कड्यांची जोडणी हे सारे तिथे हातभर अंतरावरून न्याहाळता येते.