एकसर : आरमारी वीरगळांचे गाव

बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेला, दहिसर नदी आणि गोराईची खाडी यांच्या दरम्यान एकसर हे साष्टी बेटावरचे जुने गाव आहे. पूर्वेला कान्हेरीचे डोंगर आणि पश्चिमेला तिवरांनी भरलेले खाजण, अशी त्याची ठेवण. तुळशी तलावाच्या परिसरातून निघणारी दहिसर नदी गावाच्या उत्तरेने मनोरीच्या खाडीला मिळते. भातशेती, बागायत आणि मासेमारी ही या पट्ट्यातली पूर्वापार उपजीविका. बाभई, वझिरा, शिंपोली ही शेजारची गावे, आणि वस्ती कोळी, आगरी, वाडवळ, ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशी मिश्र.

एकसरचे नाव इतिहासात राहिले ते वीरगळांमुळे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांमुळे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने येथील आमराईत, तळ्याकाठी उभ्या असलेल्या सहा शिळांचे सविस्तर वर्णन केले आहे. त्यांतल्या मोठ्या शिळा सुमारे दहा फूट उंचीच्या. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, शेवटी शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर कलश. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी आढळतात, पण बहुतेकांवर गाईगुरांसाठी किंवा जमिनीवर झालेली झुंज असते. एकसरच्या काही शिळांवर मात्र उंच नाळेची, वल्ह्यांच्या ओळी असलेली गलबते एकमेकांवर चालून जातात. मध्ययुगीन कोकणच्या आरमाराचे इतके बारकाईचे शिल्पचित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ही लढाई कोणती? शिळांवरची अक्षरे उरलेली नाहीत, त्यामुळे उत्तर अनुमानाचे आहे. यादव राजा महादेव (१२६१ ते १२७०) आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या संघर्षाशी अनेक अभ्यासक तिचा संबंध जोडतात. महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणे पसंत केले, असे हेमाद्रीने लिहिले आहे. अर्थात हेमाद्री यादवांचाच मंत्री, तेव्हा त्यातला उपहास बाजूला ठेवून एवढेच घ्यावे की शिलाहारांचा शेवट पाण्यावर झाला. शिल्पातील गलबते त्याला जुळतात.

गावाशेजारची मंडपेश्वर लेणी या वीरगळांहून कितीतरी जुनी, साधारण सहाव्या शतकातली. त्यांत नृत्यमग्न शिवाचा भव्य शिल्पपट आहे. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आसपास फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो याने लेण्याचे प्रार्थनामंदिर केले. वरच्या टेकडीवर चर्च आणि विद्यालय उभे राहिले. त्यांचे पडके अवशेष अजून दिसतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती पडली. सत्ता बदलल्या तरी परिसरातला ख्रिस्ती समाज टिकला, आणि आजच्या आयसी कॉलनीचे नावही तेथील इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून आले.

खरा पालट रेल्वेने घडवला. १८६० च्या दशकात लोहमार्ग आला आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९५७ मध्ये हा भाग बृहन्मुंबईत सामील झाला. शेतांच्या जागी हळूहळू गृहसंकुले आली. महसुली दप्तरात मात्र मौजे एकसर, तालुका बोरिवली ही नोंद कायम आहे, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो २अ मार्गावर एकसर हे स्थानक आहे. वीरगळांपैकी काही आजही वस्तीत उभे असून रहिवासी त्यांची देव म्हणून पूजा करतात.