‘क्लच सोडणे’ : शब्द आणि यंत्र

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात वाळूज येथे १९८५ मध्ये दुचाकी वाहनांचे, तर शेंद्रा येथे २००१ मध्ये मोटारींचे उत्पादन सुरू झाले. यंत्रासंबंधीचे पुष्कळ शब्द येथील बोलण्यात रुळले आहेत. ‘क्लच’ हा त्यांपैकीच एक होय. घरच्या घरी मोटारीचा क्लच बदलू पाहणाऱ्याने हाती पाना घेण्यापूर्वी या शब्दाचा व्यवहार समजून घेणे हिताचे आहे.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ घट्ट पकडणे असा आहे. यंत्रातही पकड हेच त्याचे कार्य. फ्लायव्हीलवर जखडलेली प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने मधली क्लच प्लेट दाबून धरते आणि घर्षणामुळे एंजिनाची गती गिअरबॉक्सकडे जाते. परंतु व्यवहारात हेच नाव पायाखालील पेडललाही मिळाले. परिणामी ‘क्लच दाबणे’ म्हणजे पकड सोडविणे व ‘क्लच सोडणे’ म्हणजे पकड बसविणे, असा विपरीत अर्थ रूढ झाला. ‘अर्धा क्लच’ ही या दोहोंमधील अवस्था. तीत प्लेट घासते, तापते व झिजते.

बिघाडाचे निदानही याच भेदावर अवलंबून आहे. एंजिनाचा वेग वाढूनही गाडी त्या प्रमाणात धावत नसेल, तर पकड बसत नाही. बहुधा प्लेट झिजलेली असते. याउलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नसेल, तर पकड सुटत नाही. अशा वेळी गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी केबल किंवा हायड्रॉलिक व्यवस्था तपासावी.

प्लेट बदलावयाची झाल्यास गाडी सपाट व टणक जमिनीवर घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार काढावी. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. भार भक्कम स्टँडवरच ठेवावा. गिअरबॉक्स व एंजिन या दोहोंना स्वतंत्र आधार द्यावा. जुन्या प्लेटच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नवी प्लेट योग्य बाजूने व नेमकी मध्यावर बसवावी. अन्यथा गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत. रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलावे, कारण त्यासाठी पुन्हा सारी उतरवाउतरव करावी लागते.

शेवटी हायड्रॉलिक नळीतील हवा काढताना एक जण पेडलपाशी व दुसरा खालच्या निपलपाशी असतो. निपल बंद होण्यापूर्वी पेडल वर आले, तर हवा पुन्हा आत शिरते. येथे नुसते ‘सोड’ म्हटल्याने पेडल सोडावयाचे की निपल सैल करावयाचे, हे कळत नाही. ‘पेडल दाबून धर’, ‘निपल बंद केले’, ‘आता पेडल सोड’ असे स्पष्ट बोलावे. एंजिन सुरू करून पाहण्यापूर्वी तर खालचा मनुष्य बाहेर आल्याची खात्री शब्दाने व डोळ्यांनी, दोन्ही प्रकारे करावी.

सुट्या भागांची नावे परकी राहिली तरी काम अडत नाही. क्रियापद संदिग्ध राहिले, तर मात्र अडते आणि प्रसंगी जिवावरही बेतते.